मराठवाड्याच्या पाच मागण्या आणि घटनादुरुस्ती : कोणत्या मागणीला काय लागते

प्रश्न लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या नागरिक समितीचा आहे. १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, त्यांना निवेदन द्यायचे आहे. मसुद्यात एकच लांबलचक वाक्य आहे : केंद्राने तातडीने घटनादुरुस्ती करून मराठवाडा वैधानिक विकास मंडळ पुन्हा सुरू करावे, शेजारच्या कर्नाटकाप्रमाणे स्थानिकांना नोकऱ्यांत आणि कॉलेजांत राखीव जागा द्याव्यात, आरक्षणाची ५० टक्क्यांची मर्यादा उठवावी, जायकवाडीला हक्काचे पाणी द्यावे, आणि हे जमत नसेल तर मराठवाड्याचे वेगळे राज्य करावे. घटनादुरुस्ती कशी होते, किती मते लागतात आणि आपल्या विधानसभेने काय करायचे, असे त्यांनी विचारले आहे.

आधी थोडक्यात सांगतो. या पाचपैकी एकाच मागणीला कलम ३६८ खालची, म्हणजे संसदेत दोन-तृतीयांश बहुमताने होणारी, घटनादुरुस्ती नक्की लागते. ती म्हणजे स्थानिकांच्या राखीव जागांची. विकास मंडळाला राष्ट्रपतींचा आदेश पुरतो. पाण्यासाठी राज्याचा कायदा आजही आहे. वेगळे राज्य संसदेच्या साध्या बहुमताने होते. ५० टक्क्यांच्या बाबतीत दुरुस्ती करता येईल, पण ती कोर्टात टिकेल का हा खरा प्रश्न आहे. पाचही मागण्यांना ‘घटनादुरुस्ती करा’ हे एकच शेपूट लावले की ज्या कामाला आदेश पुरला असता तेही दोन-तृतीयांश बहुमताच्या रांगेत जाऊन बसते. ‘हा विषय केंद्राच्या अखत्यारीत आहे’ असे उत्तर देऊन मोकळे होण्याची सोय तुम्हीच करून देता.

मंडळापासून सुरुवात करू. कलम ३७१(२) आजही घटनेत जसेच्या तसे आहे. त्यानुसार राष्ट्रपती आदेश काढून महाराष्ट्राच्या राज्यपालांवर विशेष जबाबदारी टाकू शकतात : विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विकास मंडळे, त्यांच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेसमोर, विकासखर्चाचे समन्यायी वाटप, आणि तंत्रशिक्षण, व्यवसायशिक्षण व राज्य सरकारच्या नोकऱ्यांत पुरेशी संधी. हे कलम १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आले. राष्ट्रपतींचा आदेश निघाला ९ मार्च १९९४ रोजी आणि मंडळे १ मे १९९४ पासून सुरू झाली. म्हणजे कलम ३८ वर्षे नुसते छापलेले होते, कारण त्यातला शब्द ‘करू शकतील’ असा आहे, ‘करतील’ असा नाही. पुढे मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली आणि ३० एप्रिल २०२० रोजी मुदत संपली. संपली ती आदेशाची मुदत, कलमाची नव्हे. म्हणून इथे मागायचे ते एवढेच : राज्य मंत्रिमंडळाची शिफारस, राज्यपालांमार्फत केंद्रीय गृह मंत्रालयाकडे प्रस्ताव आणि राष्ट्रपतींचा आदेश. संसदेत एकही मत घ्यावे लागत नाही.

या कलमात ‘महाराष्ट्र’ हा शब्द कसा आला तेही पाहा, कारण त्यातून घटना बदलण्याची दुसरी वाट दिसते. १९५६ च्या मजकुरात ‘मुंबई राज्य’ होते. १९६० च्या मुंबई पुनर्रचना अधिनियमाने, म्हणजे संसदेच्या साध्या कायद्याने, तिथे महाराष्ट्र आणि गुजरात ही नावे घातली. घटनेचा मजकूर बदलला, तरी ती ‘घटनादुरुस्ती’ मोजली जात नाही. राज्यांच्या पुनर्रचनेच्या ओघात घटनेत करावे लागणारे बदल कलम ३६८ च्या अर्थाने दुरुस्ती समजायचे नाहीत, असे कलम ४ सांगते.

आता मुख्य मागणी, कर्नाटकासारख्या राखीव जागांची.

हैदराबाद राज्याचे १९५६ मध्ये तीन तुकडे झाले आणि तिघांची घटनेतली वाट वेगळी झाली. तेलंगण आंध्रात गेला. त्याला १९७३ च्या ३२व्या दुरुस्तीने ३७१(डी) मिळाले आणि २०१४ मध्ये स्वतंत्र राज्य. बीदर, कलबुर्गी, रायचूर हा कानडी भाग म्हैसूर राज्यात गेला. त्याला ९८व्या दुरुस्तीने ३७१(जे) मिळाले, १ ऑक्टोबर २०१३ पासून लागू. मराठवाड्याकडे मात्र तेच जुने ३७१(२) राहिले. दोन्हींत फरक काय? ३७१(२) मध्ये नोकरीची ‘पुरेशी संधी’ आहे. ३७१(जे) मध्ये जन्माने किंवा रहिवासाने त्या भागाच्या असलेल्यांसाठी शिक्षणसंस्थांतल्या जागांचे आणि राज्य सरकारी पदांचे प्रमाण राखून ठेवण्याचा स्पष्ट अधिकार आहे, तोही सरळसेवा आणि पदोन्नती दोन्हींत. उदगीर-देगलूरहून बीदरला ये-जा करणाऱ्यांना हा फरक ऐकून माहीत असतो, पण तो कलमातल्या कोणत्या शब्दांमुळे पडतो हे बहुतेक निवेदनांत नसते.

‘मग विधानसभेने कायदा करून या जागा द्याव्यात’ असे कोणी म्हणेल. तसे जमत नाही. राज्याच्या नोकरीत केवळ रहिवासावरून भेदभाव करायला कलम १६(२) मनाई करते. कलम १६(३) रहिवासाची अट घालण्याची मुभा देते, पण ती संसदेला, राज्याला नव्हे. आणि तीही ‘राज्यात रहिवास’ एवढीच. राज्याच्या एखाद्या भागात राहण्याची अट त्यात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये ए. व्ही. एस. नरसिंह राव यांच्या प्रकरणात सांगितले. निजामाच्या काळातल्या मुलकी (स्थानिक रहिवाशांसाठीच्या) नियमांत १५ वर्षांच्या रहिवासाची अट होती. त्याच धर्तीवर तेलंगणातल्या नोकऱ्यांसाठी संसदेने १९५७ च्या कायद्यात केलेली तरतूद या निकालाने गेली. पुढे ३७१(डी) घटनेतच घालावे लागले ते यामुळे. मराठवाड्याचीही गाठ इथेच आहे, आणि ती सोडवायला कलम ३६८ खेरीज उपाय नाही.

कलम ३६८ ची पद्धत अशी. विधेयक लोकसभेत किंवा राज्यसभेत कुठेही मांडता येते, विधानसभेत मात्र नाही. राष्ट्रपतींची पूर्वशिफारस लागत नाही. सरकार मांडू शकते, तसेच एखादा खासदार खासगी विधेयक म्हणूनही. पण खासगी विधेयकावर भिस्त ठेवू नका. लोकसभेत खासगी घटनादुरुस्ती विधेयक मांडण्याआधीच समितीकडे तपासायला जाते, चर्चेला शुक्रवारचे अडीच तास मिळतात, आणि १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेले नाही. मराठवाड्याच्या आठ खासदारांनी आठ विधेयके मांडण्यापेक्षा राज्य सरकारचा एक रीतसर प्रस्ताव जास्त कामाचा.

मग मतदान. प्रत्येक सभागृहात दोन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात : सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून अधिक मते, आणि हजर राहून मत देणाऱ्यांच्या किमान दोन-तृतीयांश मते. लोकसभेच्या ५४३ जागा धरल्या तर पहिली अट २७२ ची. रिकाम्या जागाही एकूण संख्येत धरतात. ३६० जणांनी मत दिले तर दोन-तृतीयांश २४० होतात, पण तेवढ्याने भागत नाही, २७२ लागतातच. ४०८ मतांपर्यंत २७२ चा आकडा चालतो, त्यापुढे दोन-तृतीयांशचा आकडा वर जातो : ४५० ला ३००, सगळे ५४३ असतील तर ३६२. राज्यसभेच्या २४५ जागांवर पहिली अट १२३, आणि २०० मते पडली तर दुसरी १३४. तटस्थ राहणारा ‘मत देणाऱ्यांत’ धरला जात नाही, म्हणून तो दोन-तृतीयांशची अट हलकी करतो. पहिली अट मात्र तशीच राहते.

अपूर्णांक इथे वर ढकलला जातो, आणि याचा फटका एकदा थेट निजामाच्या तनख्याशी (सरकारकडून दरवर्षी मिळणाऱ्या रकमेशी) जोडलेल्या विषयात बसला. संस्थानिकांचे तनखे बंद करणारे विधेयक लोकसभेत मंजूर होऊन सप्टेंबर १९७० मध्ये राज्यसभेत आले. बाजूने १४९, विरोधात ७५. एकूण २२४ चे दोन-तृतीयांश होतात १४९.३३. एक मत कमी पडले आणि विधेयक पडले. सरकारने लगोलग राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढून घेतली. तो आदेश डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. शेवटी १९७१ मध्ये २६वी घटनादुरुस्ती करूनच काम झाले. जिथे दुरुस्तीच लागते तिथे आदेशाची पळवाट चालत नाही, आणि जिथे आदेश पुरतो तिथे दुरुस्ती मागणे हा वेळेचा अपव्यय.

हे विशेष बहुमत, म्हणजे वरच्या दोन्ही अटी, नेमके केव्हा लागते यावर नेहमी गोंधळ होतो. विधेयक मांडायला साधे बहुमत पुरते. एकत्रित निवडणुकांचे विधेयक १७ डिसेंबर २०२४ रोजी २६९ विरुद्ध १९८ मतांनी मांडले गेले, तेव्हा ‘दोन-तृतीयांश नव्हते, म्हणून पडले’ अशी चर्चा काही ठिकाणी झाली. ती चूक होती. लोकसभेच्या नियमांप्रमाणे विचारार्थ घेण्याचा प्रस्ताव, प्रत्येक खंड आणि शेवटची मंजुरी यांना विशेष बहुमत लागते. खंडांवरच्या उपसूचना मात्र साध्या बहुमताने निकाली निघतात. दुसऱ्या सभागृहाने मजकुरात बदल केला तर विधेयक पहिल्या सभागृहात परत जाते आणि तिथे पुन्हा विशेष बहुमत लागते. जीएसटीच्या वेळी असे झाले : राज्यसभेने ३ ऑगस्ट २०१६ रोजी बदलांसह मंजूर केले, म्हणून ८ ऑगस्टला लोकसभेत पुन्हा मतदान झाले. दोन सभागृहांत एकमत झाले नाही तर साध्या विधेयकासाठी संयुक्त बैठक बोलावता येते. घटनादुरुस्तीला ती सोय नाही, म्हणून राज्यसभेत संख्या नसलेले सरकार इथे अडकते. १९८९ मध्ये पंचायत राजचे ६४वे दुरुस्ती विधेयक लोकसभेत मंजूर होऊनही राज्यसभेत अडकले. आज ग्रामपंचायतीला जे घटनात्मक स्थान आहे ते त्यानंतरच्या ७३व्या दुरुस्तीचे, २४ एप्रिल १९९३ पासूनचे.

दोन्ही सभागृहांनंतर राष्ट्रपतींची संमती. १९७१ च्या २४व्या दुरुस्तीपासून ती द्यावीच लागते, विधेयक परत पाठवता येत नाही.

राज्यांचे अनुसमर्थन, म्हणजे त्यांच्या विधिमंडळांची मंजुरी, सगळ्या दुरुस्त्यांना लागत नाही. राष्ट्रपतींची निवडणूक, केंद्र व राज्यांच्या कार्यकारी अधिकारांची व्याप्ती, सर्वोच्च व उच्च न्यायालये, केंद्र-राज्यांतली कायदे करण्याच्या अधिकारांची वाटणी, सातव्या अनुसूचीतल्या याद्या, संसदेतले राज्यांचे प्रतिनिधित्व, जीएसटी परिषद आणि स्वतः कलम ३६८ यांना हात लावला तरच किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांचा ठराव लागतो. आज २८ राज्ये, म्हणजे १४. ठराव साध्या बहुमताने होतो. महाराष्ट्रात विधान परिषद असल्याने दोन्ही सभागृहांत घ्यावा लागतो. कलम ३७१ या यादीत नाही. त्यामुळे मराठवाड्यासाठी ३७१(जे) सारखे कलम आणायला तमिळनाडू किंवा पंजाबच्या विधानसभेकडे जावे लागणार नाही. निवेदनात ‘देशातल्या निम्म्या राज्यांचा पाठिंबा मिळवावा’ असे वाक्य आहे, ते काढून टाका.

अनुसमर्थन कुठे लागते हे चुकले तर काय होते, याचा दाखला आपल्या साखर कारखान्यांच्या आणि सोसायट्यांच्या रोजच्या व्यवहारात आहे. २०११ च्या ९७व्या दुरुस्तीने सहकारी संस्थांसाठी घटनेत भाग ९-ब आणला : संचालक २१ पेक्षा जास्त नकोत, मुदत पाच वर्षे, निवडणूक आणि लेखापरीक्षण वेळेवर. पण सहकारी संस्था हा राज्यसूचीतला ३२ क्रमांकाचा विषय. यादीतले शब्द बदलले नव्हते, म्हणून केंद्राने राज्यांची संमती घेतली नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हा भाग रद्द केला, आणि २० जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो राज्यांतल्या संस्थांपुरता रद्दच ठेवला. बहुराज्य संस्थांपुरता तो शिल्लक आहे. शब्द बदलले नाहीत तरी परिणामाने राज्याचा अधिकार आवळला गेला तर अनुसमर्थन लागते, असा त्याचा अर्थ. महाराष्ट्राने मधल्या काळात, २०१३ मध्ये, स्वतःचा १९६० चा सहकार कायदा त्याप्रमाणे बदलून घेतला होता. तो राज्याचा कायदा असल्याने स्वतःच्या बळावर चालतो. म्हणून ‘९७वी दुरुस्ती गेली, आता मुदतीची अट नाही’ असे सांगणाऱ्या संचालकावर विश्वास ठेवू नका.

वेळ किती लागतो? आर्थिक दुर्बल घटकांच्या १० टक्क्यांची १०३वी दुरुस्ती ८ जानेवारी २०१९ ला लोकसभेत, ९ ला राज्यसभेत मंजूर झाली आणि १४ ला अमलात आली. दुसरीकडे ३७१(जे) साठी कर्नाटकाच्या दोन्ही सभागृहांचे ठराव मार्च २०१० चे आहेत आणि कलम लागू झाले साडेतीन वर्षांनी. कलम ३६८ अशा ठरावाची अट घालत नाही, पण त्या विधेयकाच्या उद्देश व कारणांच्या निवेदनात या ठरावांचा उल्लेख आहे. मुंबईतल्या विधिमंडळाने काय करायचे, याचे उत्तर तेच : दोन्ही सभागृहांत ठराव. लातूरमधून दिल्लीला शंभर निवेदने पाठवण्यापेक्षा मराठवाड्याच्या ४६ आमदारांकडून तो ठराव मांडून घ्या.

कलम छापून आले म्हणजे काम झाले असेही नाही. ४४व्या दुरुस्तीतला प्रतिबंधक स्थानबद्धतेविषयीचा (खटल्याविना अटकेत ठेवण्याविषयीचा) खंड १९७८ पासून आजवर अमलातच आणलेला नाही. उलट कलम ३६८ चे खंड (४) आणि (५) पुस्तकात अजून दिसतात, पण ते १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्सच्या निकालाने रद्द झाले आहेत. घटनेची प्रत चाळताना तळटीप वाचल्याशिवाय कलम उद्धृत करू नये. क्रमांकांचेही तसेच. विधेयकाचा आणि दुरुस्तीचा क्रमांक वेगळा असतो : ११८वे विधेयक ९८वी दुरुस्ती झाले, १२७वे विधेयक १०५वी. निवेदनात दोन्हींची सरमिसळ झाली आहे.

५० टक्क्यांकडे येऊ. आरक्षणावर ५० टक्क्यांची सरसकट मर्यादा घालणारे कलम घटनेत नाही. कलम १६(४ब) मध्ये ते शब्द आहेत, पण ते मागील वर्षांच्या न भरलेल्या जागांपुरते. मर्यादा आली सर्वोच्च न्यायालयाच्या १६ नोव्हेंबर १९९२ च्या इंद्रा साहनी निकालातून. त्यामुळे अमुक कलमातून ५० हा आकडा काढा, असे म्हणायला जागाच नाही. अधिक आरक्षणाला स्पष्ट मुभा देणारा नवा खंड कलम १५ आणि १६ मध्ये घालावा लागेल. त्याला विशेष बहुमत पुरेल, पण २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद भारती निकालापासून प्रत्येक दुरुस्ती घटनेच्या मूलभूत चौकटीच्या, म्हणजे संसदेलाही मोडता न येणाऱ्या गाभ्याच्या, कसोटीला लागते. ५ मे २०२१ च्या मराठा आरक्षण निकालात दोन वेगळे प्रश्न होते, एक मर्यादेचा आणि दुसरा मागास ठरवण्याचा अधिकार कोणाचा. १०२व्या दुरुस्तीने तो अधिकार राज्यांकडून गेला असे ३ विरुद्ध २ ने ठरले, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये १०५व्या दुरुस्तीने तो राज्यांना परत दिला. मर्यादेला तिने हात लावला नाही. तमिळनाडूच्या ६९ टक्क्यांचा दाखला सगळे देतात. तो कायदा १९९४ मध्ये ७६व्या दुरुस्तीने नवव्या अनुसूचीत, म्हणजे कायद्यांना कोर्टातल्या आव्हानापासून संरक्षण देणाऱ्या यादीत, गेला, पण २००७ च्या कोएल्हो निकालापासून १९७३ नंतर तिथे गेलेले कायदेही तपासता येतात. ती पूर्वीसारखी अभेद्य तटबंदी राहिलेली नाही.

पाण्याचे थोडक्यात. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडण्याचा वाद राज्याच्या आतला आहे, त्याला घटनेतले आंतरराज्य पाणीवाटपाचे कलम २६२ लागू नाही. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ चे कलम १२(६)(सी) टंचाई समान वाटून घेण्याचे तत्त्व सांगते, आणि प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशाने १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरून पाणी सोडायचे, हा हिशेब घालून दिला. ही मागणी दिल्लीच्या पत्रातून काढा आणि प्राधिकरण व गोदावरी महामंडळाकडे आकड्यांसह पाठवा.

वेगळ्या राज्याची मागणी राजकीयदृष्ट्या जड, पण घटनेच्या वाटेने हलकी. कलम ३ : राष्ट्रपतींच्या शिफारशीने विधेयक, ते संबंधित विधिमंडळाकडे ठरावीक मुदतीत मत द्यायला, मग संसदेत साधे बहुमत. विधिमंडळाचे मत बंधनकारक नाही. आंध्रच्या विधानसभेने जानेवारी २०१४ मध्ये तेलंगणाचे विधेयक फेटाळले, तरी २ जूनला राज्य झाले. १९५६ मध्येही विधिमंडळांपुढे पाठवलेल्या विधेयकात मुंबई, महाराष्ट्र, गुजरात असे वेगळे घटक होते आणि संसदेने द्विभाषिक मुंबई राज्य केले. बदललेले विधेयक पुन्हा मतासाठी पाठवण्याची गरज नव्हती, असे सर्वोच्च न्यायालयाने बाबुलाल पराते प्रकरणात ठरवले. माझे मत विचाराल तर ‘नाहीतर वेगळे राज्य’ ही धमकी याच कागदावर नको. विकास मंडळाची फाइल पुढे सरकवणारा अधिकारी ती ओळ वाचून थबकतो.

तेव्हा एका निवेदनाची चार पत्रे करा : मंडळासाठी मुख्यमंत्री व राज्यपाल, स्थानिक जागांसाठी विधिमंडळातल्या ठरावाचा मसुदा, पाण्यासाठी प्राधिकरण, आणि आरक्षणाचे स्वतंत्र. ठरावाच्या मसुद्यात ‘जन्माने किंवा रहिवासाने’, ‘सरळसेवा व पदोन्नती’, ‘राज्य सरकारच्या नियंत्रणाखालील संस्था’ हे शब्द ३७१(जे) मधून जसेच्या तसे घ्या. त्यातला एक जरी गळला तरी पुढे तेवढी पदे बाहेर राहतात.

शिवाय ‘मराठवाडा’ म्हणजे काय ते लिहा. कलम ३७१(२) मध्ये जिल्ह्यांची नावे नाहीत. १९५६ मध्ये जिल्हे पाच होते. जालना, लातूर, हिंगोली नंतर झाले, आज आठ आहेत. ‘पूर्वीच्या हैदराबाद राज्यातून महाराष्ट्रात आलेला प्रदेश’ अशी व्याख्या भारदस्त वाटते, पण तिच्यात घोळ आहे : आदिलाबाद जिल्ह्यातून किनवटबरोबर राजुरा तालुकाही आला होता, आणि राजुरा आज चंद्रपूर जिल्ह्यात, म्हणजे विदर्भात आहे. आठ जिल्ह्यांची नावे एकेक करून लिहा.